शाळा सुटली, पाणी ओसरले



मुंबईच्या उपनगरात मालाड स्टेशनावर उतरून पश्चिमेकडे निघाले की मार्व्याच्या अलीकडून एक रस्ता दक्षिणेस वळतो. आक्सा आणि एरंगळ मागे पडतात, आणि पुढे जमीनच संपते. तेथे मढ हे कोळ्यांचे गाव आहे. पलीकडे वर्सोवा दिसते, मधे खाडी, आणि होडीने जायला काही मिनिटे पुरतात.

या गावातल्या चौथीच्या मुलांना मी एकदा विचारले, "भरती कशाने येते?" सगळे हात वर झाले. "चंद्राच्या आकर्षणाने!" पुस्तकातले उत्तर अगदी चोख आले. मग मी विचारले, "बरे, आज भरती किती वाजता?" वर्ग चिडीचूप. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला वाचताना अक्षरे अडखळवतात, तो मान खाली घालून पुटपुटला, "आज षष्ठी. साडेचारला." इतर मुले हसली, कारण तिथी म्हणजे आजीच्या उपासाची गोष्ट, तिचा शाळेत काय संबंध? आणि श्रोते हो, त्या मुलालाही तसेच वाटत होते. आपल्या तोंडून काहीतरी चुकीचे निघाले, अशाच चेहऱ्याने तो बसला होता. उत्तर ठाऊक असलेला एकटा तोच, आणि शरमलेलाही तोच!

शाळा सुटल्यावर आठवड्यातून एकदा मुलांना घेऊन पाण्यावर जायचे, हे मी त्या दिवशी ठरवले.

त्या मुलाने हिशेब कसा केला होता? आपल्या कोकणपट्टीत जुने गणित आहे: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. हे त्याला बापाने होडीवर शिकवले होते. डोल जाळे लावणाऱ्याला पाण्याची वेळ कळावीच लागते, कारण ही जाळी वाहत्या पाण्याच्या जोरावर भरतात. बोंबील, जवळा, करंदी पाण्याबरोबर आपण होऊन आत येतात. पाणी थांबले की जाळ्याचे कामही थांबले.

आता शिक्षकांच्या दृष्टीने यातली सोयीची गोष्ट पाहा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराला, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास. शिवाय ते दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी खूप मागे जाते आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. त्याच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीला, ओहोटी सव्वापाच-साडेपाचला, शाळा सुटण्याच्या वेळेला अगदी जुळणारी. तेव्हा आमचे खडकावरचे वर्ग त्रयोदशी-चतुर्दशीला होतात. अष्टमीला संध्याकाळी पाणी वर असते आणि भांगामुळे त्याचा चढउतारही थोडा, त्या दिवशी धक्क्यावर बसून मोजणी. आमचे वेळापत्रक भिंतीवरच्या पंचांगाने ठरते, हे सांगितले तेव्हा एका सहकारी शिक्षकांना ते पटेना. माझ्या मते विज्ञानाचे याहून चांगले वेळापत्रक मढला दुसरे होणार नाही.

मोजणीचे साहित्य म्हणजे एक लांब बांबू, त्यावर वीत-वीत अंतरावर रंगाच्या खुणा. तो धक्क्याच्या खांबाला बांधला. एक मुलगा घड्याळ पाहतो, दुसरा पाणी कोणत्या खुणेवर आहे ते मोठ्याने सांगतो, तिसरी मुलगी वहीत लिहिते. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. सुट्टीच्या दिवशी मुले दुपारीही बसत.

दोन महिने झाले आणि भांडण उभे राहिले. चतुर्थी होती. गणित म्हणते तीन वाजता, आणि वहीत अडीचच्या आधीच पाणी उतरू लागलेले! मुले वही घेऊन एका म्हाताऱ्या तांडेलाकडे गेली. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "पानी काय माजं नोकर हाय?" मग हसून त्याने जी गोष्ट सांगितली ती गणितात नव्हती: उधाणाच्या दिवसांत पाणी रोज थोडेच मागे सरते, भांगाच्या दिवसांत जास्त. हे त्याला ठाऊक होते. कुणी विचारले नव्हते म्हणून सांगितले नव्हते, एवढेच.

मुलांनी नोंदी पुन्हा तपासल्या. उधाणाच्या सुमारास रोजचा उशीर चाळीसेक मिनिटांचा, आणि भांगाच्या सुमारास तासाच्याही वर. मग मी फळ्यावर मांडले: अमावास्या ते पौर्णिमा तिथी पंधरा, आणि तेवढ्यात भरतीची वेळ बारावरून फिरून पुन्हा बारावर येते. बारा तासांची मिनिटे सातशे वीस. पंधरांनी भागा. एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटे. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस, तोंडी हिशेबाला सोपा, म्हणून पूर्वजांनी तो घेतला आणि वरची तीन मिनिटे सोडून दिली. चौथीतला भागाकार अशा कामी आलेला मुलांनी प्रथमच पाहिला. आणखी एक गोष्ट त्यांच्याच वहीतून निघाली. सर्वांत मोठे पाणी पौर्णिमेच्या दिवशी चढत नाही, तर दोन-तीन दिवसांनंतर. पुस्तकात पौर्णिमा म्हटले आहे, मग खरे काय, असे विचारत एक मुलगी माझ्याशी वाद घालू लागली. मला बरे वाटले. पावसाळ्यात मुंबई महापालिका साडेचार मीटरवरच्या भरत्यांच्या तारखा जाहीर करते, त्या वर्तमानपत्रातून कापून तिने आपल्या नोंदीशेजारी चिकटवल्या आणि वाद जिंकला.

आता भीतीविषयी बोलतो, कारण ती खरी आहे. समुद्रावर मुले नेणे म्हणजे जोखीम, आणि आक्साच्या किनाऱ्यावर किती माणसे बुडाली हे या भागात सर्वांना माहीत आहे. आमचा नियम असा: पाण्यात कोणी उतरायचे नाही, फक्त उघड्या खडकावर जायचे. पाणी उतरत असतानाच जायचे आणि ते फिरण्यापूर्वी वर यायचे. दहा मुलांमागे एक मोठे माणूस, त्यात गावातला एक तरी कोळी. पायात चप्पल हवीच, कालवांची धार पाय कापते. पावसाळ्यात खडकावर जाणे बंद. वाळूत निळसर फुग्यासारखे काही दिसले तर हात लावायचा नाही, मेलेले असले तरी ते डसते. आणि जो दगड उलटवाल तो होता तसा परत ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला कोणाचे तरी घर असते. किल्लेश्वराच्या देवळाखालचे खडक आम्हाला पुरतात. वरचा किल्ला हवाई दलाकडे आहे, तेथे जायचे नाही. मुलांना त्याचेच जास्त आकर्षण, हेही सांगून टाकतो.

मुलांना वर्गाबाहेर शिकवणे ही काही माझी युक्ती नव्हे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली याच किनाऱ्यावर, उत्तरेस बोर्डीला, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ साली ते डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी मुले गुरे राखायला जात, शाळेत येईनात, तेव्हा यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नावही कुरणशाळा. शिंपले, बिया, पाने, खडे हेच तेथले साहित्य. मूल का येत नाही, हे आधी पाहायचे आणि मग शाळा हलवायची, असा त्यांचा रिवाज.

हे मला उशिरा उमगले. आमच्याकडे मुलगे येत, मुली गळत. मी रागावलो, हजेरी मांडली, पालकांना निरोप धाडले. एका आईने सरळ सांगितले, "गुरुजी, सांजेला होड्या लागतात. म्हावरा निवडायला हात कुठून आणू?" चूक माझी होती. त्यानंतर दर दुसरा वर्ग आम्ही वाळवणाच्या जागेवरच भरवतो, जेथे बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर टांगलेले असतात. मुली काम करता करताच शिकतात, आणि शिकवतातही. दहा ओले बोंबील तोलायचे, वाळल्यावर तेच पुन्हा तोलायचे, गेलेले वजन म्हणजे पाणी. ढगाळ दिवस आणि वाऱ्याचा दिवस यांत किती फरक पडतो, तेही लिहायचे. जवळ्याच्या टोपलीतून फेकून द्यायचा माल एका मुलीने जातवार मांडला: चिमुकले खेकडे, पारदर्शक पिल्ले, शिंपल्या, काय न काय. अकरा प्रकार निघाले. नऊंची नावे तिला येत होती, माझी गाडी चारांवर अडली.

घाटावरचे श्रोते म्हणतील, आम्हाला समुद्र कुठला? पण विहीर आहे ना. दोरीला गाठी मारून दर शनिवारी पाण्याची खोली मोजा, आणि गावातल्या जाणत्याला विचारा की कोणत्या नक्षत्रात ती चढते. मग तो म्हणतो ते दोरीवर ताडून पाहा. मढचे बारा वाजताचे गणित मात्र दुसऱ्या बंदरास तसेच लावू नका, प्रत्येक किनाऱ्याची वेळ निराळी असते.

षष्ठीला साडेचार म्हणणारा मुलगा आता नोंदवही सांभाळतो. वाचताना अजून अडखळतो, पण वहीतले आकडे घडघडा सांगतो. पावसाळ्यात होड्या बंद, खडकही बंद, तेव्हा काय मोजायचे हा प्रश्न अकरा प्रकारवाल्या मुलीने काढला. तिने शाळेच्या कौलांपासून दूर, उघड्यावर, एक सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा ठेवला आहे आणि आत पट्टी उभी केली आहे.