आडरानातील फटफटी

मोटारसायकलीला आपल्या खेड्यापाड्यांनी फटफटी हे नाव दिले ते तिच्या आवाजावरून. चाकावरून तिला नाव द्यावे असे कोणास सुचले नाही, आणि ते साहजिकच आहे. डांबरी सडकेवर चाकाकडे कोणाचे लक्ष जात नाही. इंदुरास काय किंवा सोलापुरास काय, चाकाच्या लेखी डांबर एकच. परंतु हीच गाडी सडक सोडून रानात शिरली म्हणजे वाळू, मुरूम, खडक, चिखल, ओढा या प्रत्येकाचा हिशेब निराळा मांडावा लागतो. या आडरानातल्या स्वारीचा आज मोठा खेळ झाला आहे, आणि त्यात यंत्राच्या ज्ञानापेक्षा जमिनीचे ज्ञान अधिक उपयोगी पडते असे माझे मत आहे.

खेळाचा उगम इंग्लंडातला. सरे परगण्यातील कँबर्ली येथे १९२४ साली झाडाझुडपांतून आणि चढउतारांवरून मोटारसायकली पळविण्याची शर्यत झाली. धडपडत वर चढण्याला इंग्रजीत जो ‘स्क्रँबल’ शब्द आहे, तोच या प्रकाराचे नाव झाला; पुढे ‘मोटोक्रॉस’ हे नाव रूढ झाले. या खेळाची गाडी अंगाने सडपातळ, वजनाने १०० ते ११० किलोच्या आसपास. खड्ड्यात जाऊन परत येण्यास चाकांना सुमारे ३० सेंटिमीटर मोकळीक असते, टायरांना ठसठशीत गुटके असतात आणि पुढचे मडगार्ड चाकापासून चांगले वीतभर उंच असते.

सडकेवरचा स्वार बसतो. रानातला बहुतेक वेळ उभा असतो. गुडघे किंचित वाकवून टाकीला लावायचे, सारा भार पावलांवर घ्यायचा आणि हँडलवरची मूठ सैल ठेवायची. नवशिक्याला हीच गोष्ट अवघड जाते. भीती वाटली की माणूस घट्ट धरतो, आणि घट्ट धरले की पुढच्या चाकाचा प्रत्येक दणका दंडातून खांद्यापर्यंत पोहोचतो व गाडी अधिकच बिथरते. बैलांचा कासरा कधी सैल सोडावा हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. दृष्टीही चाकापुढच्या दगडावर ठेवायची नाही. ज्या दगडाकडे टक लावून पाहावे त्याच दगडावर गाडी जाते, हा अनुभव सायकल शिकताना आपल्यापैकी अनेकांनी घेतलेला असेल.

सर्वांत फसवी वाळू. तेथे घाबरून वेग कमी केला की भार पुढे येतो, पुढचे चाक रुतते आणि स्वार हँडलवरून पलीकडे जातो. म्हणून उपाय उलटा करायचा: अंग मागे, वेग कायम. टायरांतील हवा थोडी कमी करतात, म्हणजे टायर पसरून भार वाटला जातो. उंटाचा तळवा पसरट असतो तो याच कारणाने. थिएरी साबीन हा फ्रेंच स्वार १९७७ साली एका शर्यतीत सहारा वाळवंटात वाट चुकला. वाचून परतल्यावर त्याने त्याच वाळवंटातून पॅरिस ते डाकार अशी शर्यत आखली. ती २६ डिसेंबर १९७८ रोजी प्रथम सुटली. १९८६ च्या शर्यतीत माली देशात हेलिकॉप्टर कोसळून साबीन मृत्यू पावला. शर्यत मात्र थांबली नाही. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात होऊ लागली.

बंगळूरचे सी. एस. संतोष २०१५ मध्ये ही शर्यत पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. २०२१ मध्ये तेच सौदी अरेबियात चौथ्या टप्प्यात पडले. डोक्यास मार बसल्यामुळे डॉक्टरांना त्यांना औषधांनी बेशुद्ध ठेवावे लागले. सुदैवाने ते त्यातून उठले. त्याच वर्षी केरळचे हरिथ नोआ विसावे आले, आणि २०२४ मध्ये ‘रॅली २’ या वर्गात पहिले. वाळूच्या टेकडीचा माथा गाठेपर्यंत पलीकडे उतार आहे की कडा, हे दिसत नाही; वेग हवा आणि नकोही, असा तो क्षण असतो.

खडकावर याच्या उलट. टायरांत हवा भरपूर, गिअर खालचा, क्लच अर्धवट दाबलेला, चाल बैलाची. पाण्याचे शास्त्र तर वेळेचे आहे. लडाखातला जो नाला सकाळी घोटाभर असतो तोच ऊन चढून बर्फ वितळले की दुपारी गुडघ्यापर्यंत येतो. म्हणून जाणता स्वार पहाटे निघतो आणि आधी पायी उतरून तळ चाचपतो. गाडी पाण्यातच बंद पडली तर ती लगेच सुरू करावयाची नाही. हवेसारखे पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरात शिरले असेल तर आतला दांडा वाकतो.

आणि आपली दख्खनची काळी माती! उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात ती फुगते आणि टायरांच्या गुटक्यांमध्ये अशी भरते की चाक गुळगुळीत होऊन जाते. साध्या गाडीत तो चिखल मडगार्डखाली ठासून चाक जागच्या जागी थांबते. उंच मडगार्डाचे प्रयोजन येथे कळते. तरीही ओल्या काळीत गाडी घालूच नये. वाफसा येण्यापूर्वी शेतकरी आपले औतसुद्धा रानात घालीत नाही, कारण ओली माती दबली की घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. दुसऱ्याच्या शेतातून हौसेने गाडी नेणाऱ्याला हे भान हवे. सड्यावर तर कातळावरची माती जेमतेम बोटभर, आणि पावसाळ्यातली सारी फुले तेवढ्याच मातीवर उभी असतात.

कोकणचा किनारा स्वाराला फार मोह घालतो. ओहोटीनंतरची ओली वाळू टणक असते, चाक रुतत नाही. पण रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर, आणि अशाच इतर किनाऱ्यांवर, हिवाळ्यातल्या रात्री ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण वर येते, भरतीच्या रेषेपलीकडे खड्डा करून अंडी घालते आणि परत जाते. गावकरी अंडी शोधून कुंपणात नेऊन ठेवतात. सर्वच घरटी काही त्यांना सापडत नाहीत. अशा राहून गेलेल्या घरट्यातले पिलू समुद्राकडे निघते ते तळहातावर सहज मावेल एवढे. वाटेत चाकाची खोल चाकोरी लागली तर त्याला तिची कड चढवत नाही. ते चाकोरीतूनच चालत राहते, समुद्राला समांतर, आणि उजाडले की कावळे उतरतात.