देवालयातील लाकूड आणि नव्या फळ्या



देवालयाच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की चर्चा चिरे, फरशी आणि कळस यांभोवती फिरते. लाकडाचा विचार अंदाजपत्रकाच्या शेवटच्या ओळीत उरकला जातो. वास्तविक गोमंतकातील देवालयांचे चौक, मखरे, पालख्या आणि रथ हे सुतारांच्या हातचे धन होय. बांदिवडे येथील श्रीनागेशाच्या चौकात रामायणातील प्रसंग लाकडात कोरलेले आहेत. तेथीलच श्रीमहालक्ष्मीच्या चौकात विष्णूच्या १८ काष्ठमूर्ती आहेत. असे काम एकदा उतरविले की पुन्हा उभे राहत नाही. म्हणून कोणत्या कामास कोणते लाकूड, हे महाजनांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

सागवान श्रेष्ठ मानले जाते ते केवळ रूपामुळे नव्हे. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तैलद्रव्ये असल्याने वाळवी सहसा लागत नाही, आणि नीट वाळविलेले सागवान फारसे वाकत नाही. दारे, चौकटी व कोरीव खांब यांस ते उत्तम. माट्टी म्हणजे ऐन, किंदळ आणि जांभा ही जड व कणखर लाकडे तुळया-वाशांची. फणसाचे पिवळे लाकूड काळाबरोबर तपकिरी होते आणि कोरीव कामास चांगले. शिवण हलके, पण स्थिर. मात्र कोणत्याही झाडाचा साली-लगतचा पांढुरका भाग कच्चाच. सागवानाचाही वाळवी खाते.

लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत मात्र आटते; म्हणून रुंद फळी वाकते. यावरील तोड म्हणजे प्लायवूड. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक, रेषा काटकोनात ठेवून चिकटवितात. एक थर आटू लागला की शेजारचा त्यास आवरतो. दोन्ही बाजूंस समतोल राहावा म्हणून थरांची संख्या विषम असते. त्याचे आयुष्य डिंकावर ठरते. युरियाचा डिंक कोरड्या जागेपुरता. फिनॉलचा डिंक पाण्यास टिकतो. ब्लॉकबोर्डाच्या पोटात लाकडाच्या पट्ट्या असतात. कपाटांच्या लांब दारांस तो बरा. पार्टिकल बोर्ड भुशाचा व कपच्यांचा, एमडीएफ तंतूंचा. दोन्ही गुळगुळीत व स्वस्त. पण साधा बोर्ड पाणी प्याला की फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. कार्यालयातील कोरड्या कपाटास ते चालेल. अभिषेकाचे पाणी वाहते त्या गर्भकुडीजवळ किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीस कदापि नव्हे.

मखराच्या सजावटीमागे प्लायवूड लावण्यास हरकत नाही. परंतु रथाचा आस, पालखीचा दांडा, मखराचा भार पेलणारे खांब भरीव, निवडक लाकडाचेच हवेत. तेथे माणसांचे जीव टांगलेले असतात.

जुना कोरीव खांब पायाशी कुजला म्हणून सबंध खांब टाकू नये. कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा सांधा द्यावा. त्याआधी ओलीचे मूळ शोधावे. फुटके नळे तसेच ठेवून बदललेला खांब पुन्हा कुजणारच. तैलरंगाचे थर चढविण्यापूर्वी लाकूड ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला तर रंगाआड वाळवी आहे असे समजावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. अंदाजपत्रकात नुसते ‘लाकूड’ किंवा ‘प्लाय’ असे लिहू नये. जात, जाडी, वाळविले की नाही, प्लायवर कोणता भारतीय मानकाचा शिक्का, हे स्पष्ट लिहावे आणि माल उतरताना तपासावे. पूर्वजांनी सोपविलेले हे काष्ठवैभव पुढील पिढीच्या हाती सुखरूप जावे, ही श्रीचरणी प्रार्थना.