शनिवार-रविवारचे गड

नोकरीनिमित्त आल्प्सजवळ राहणारी मंडळी हिवाळ्यात दर सुट्टीला स्कीइंगसाठी नवा डोंगर गाठतात. तसेच मावळातल्या कुसगावकरांच्या हाकेच्या अंतरावर सुट्टीसाठी गड आहेत: लोहगड, विसापूर आणि पवन मावळातले तुंग-तिकोना. लोहगड २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. मला मात्र विसापूर अधिक भावतो. पावसाळ्यात भाजे गावाच्या बाजूच्या घळीतल्या दगडी पायऱ्यांवरून पाणी धो धो उतरतं आणि त्याच पाण्यातून, शेवाळ चाचपत, एकेक पायरी चढायची! पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरलात की भाजे पायी गाठता येतं. मुसळधार पाऊस असेल, तर मात्र घळीत शिरू नका. धुक्यात लोहगडाच्या विंचूकाटा माचीवर कडेला जाऊ नका. आणि निघताना घरी परतीची वेळ सांगून जा.