अवघड जागेचा चट्टा अंगावर काढू नका



अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऐकून आपण हसतो. पण ज्याच्या लिंगावर चट्टा उठला आहे आणि सहा-सहा महिने जो तो कुणालाच दाखवत नाही, त्याला हसू येत नाही. आज त्याच चट्ट्याविषयी मोकळेपणी बोलायचं आहे. भगिनींनीही हे जरूर वाचावं. घरच्या माणसाला दवाखान्यात पाठवतं कोण, हे आपल्याला ठाऊक आहे.

लिंगाचा कॅन्सर हा विरळा रोग आहे. २०२० साली साऱ्या जगात त्याचे सुमारे ३६ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज होता. श्रीमंत देशांपेक्षा आपल्याकडे तो अधिक आढळतो. पण हा रोग एका रात्रीत होत नाही. पुष्कळदा त्याच्या आधी कित्येक महिने, कित्येक वर्षं कातडीवर खूण दिसत असते. त्या अवस्थेत रोग फक्त कातडीच्या वरच्या थरात असतो. गिलाव्याला ओल धरली आहे, अजून भिंतीत मुरलेली नाही, असं समजा. तेवढ्यात पकडला तर बहुतेकांचा अवयव शाबूत राहतो.

खूण कशी असते? टोकावर किंवा पुढच्या कातडीच्या आतल्या बाजूला लालभडक, मखमलीसारखा, ओलसर चट्टा उठतो. केरा नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली याचं वर्णन केलं. कधी मधल्या भागावर खपल्या धरणारा लालसर किंवा तपकिरी डाग असतो. कधी चामखिळीसारखे बारीक काळपट फोड येतात. आणखी एक प्रकार पांढऱ्या चट्ट्यांचा. त्यात कातडी कागदासारखी पातळ होते, आवळत जाते, मागे सरत नाही, लघवीची धार बारीक होते. पुष्कळजण याला कोड समजून गप्प बसतात. कोडात रंग तेवढा जातो, कातडी आवळत नाही. या सगळ्यात फसवी गोष्ट एकच : बरेचदा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो.

आता घाबरूनही जाऊ नका. टोकावरची प्रत्येक लाली म्हणजे कॅन्सरची सुरुवात नव्हे. मधुमेहाच्या माणसाला तिथे बुरशी होऊन लाली आणि खाज येते. म्हणून रक्तातली साखर आधी तपासतात. उतारवयात एक चकचकीत लाल चट्टा येतो, तो निरुपद्रवी असतो, पण दिसायला हुबेहूब वाईट चट्ट्यासारखा. अनुभवी डॉक्टरही नुसत्या नजरेने खात्री देत नाहीत, ती याचमुळे.

आणि आपण काय करतो? मेडिकलमध्ये जातो, आवाज खाली करून मलम मागतो. त्या मलमात अनेकदा खाज, बुरशी आणि सूज यांची तीन-चार औषधं एकत्र असतात. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडमुळे लाली फिकी पडते, माणूस खूश होतो. महिन्याभराने चट्टा परत दिसतो, पुन्हा तीच ट्यूब. असं एक वर्ष सहज निघून जातं. माझ्या मते लाजेपेक्षाही ही ट्यूब जास्त घात करते. डॉक्टरांनी दिलेलं औषध नीट लावूनही चार ते सहा आठवड्यांत चट्टा गेला नाही, तर मलम बदलत बसू नका. ‘डॉक्टर, तुकडा काढून तपासू या का?’ असं आपणहून विचारा.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही समजूत गावोगाव ऐकू येते. ती खोटी आहे. जागा सुईने बधिर करून हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही लहान तुकडा घेतात, लागला तर एखादा टाका घालतात, त्याच दिवशी घरी पाठवतात. चट्टा मोठा असेल तर दोन-तीन ठिकाणचे घेतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की रोग वरच्या थरातच आहे की खाली उतरला आहे, हे कळतं. डॉक्टर जांघेतल्या गाठीही चाचपून पाहतात. कातडी मागे सरत नसेल तर ओढाताण करू नका. अशा वेळी सुंता करावी लागते. इथे ती धर्माची बाब नाही, उपचार आहे. काढलेली कातडी टाकून न देता तपासणीला पाठवायला सांगा.

रोग वरच्या थरात असेल तर विशिष्ट मलम, लेझर किंवा छोटी शस्त्रक्रिया यांनी तो घालवता येतो. नंतरही तपासणीला जात राहावं लागतं, कारण तो परत येऊ शकतो. बिडी आणि तंबाखू मात्र सोडायलाच हवी.

यातल्या बऱ्याच चट्ट्यांमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. संबंधातून तो नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून नवऱ्याला जातो आणि बाईच्या गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर त्यानेच होतो. कुणाकडून आला यावर घरात भांडण नको. तो वर्षानुवर्षं लपून राहू शकतो. निरोधने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. तेव्हा पुरुषात असा चट्टा निघाला तर पत्नीनेही गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी. तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच.

आठवड्यातून एकदा आंघोळीच्या वेळी कातडी मागे घेऊन नीट पाहा, साध्या पाण्याने धुवा. काही दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या कातडीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मिळेल. केसपेपरच्या खिडकीवर सगळ्यांसमोर काही सांगायची गरज नाही. ‘कातडीचं दाखवायचंय’ एवढं म्हटलं तरी पुरे. तुकड्याचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. कोणत्या दिवशी न्यायला यायचं ते निघतानाच विचारून घ्या, आणि लावलेल्या मलमांच्या रिकाम्या ट्यूबा पहिल्याच दिवशी सोबत आणा.