सैनिकाची फी आणि सरकारचे ऋण

(दापोली तालुक्यातील माजी सैनिकांच्या सभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आजचा ठराव लहान आहे. पलटणीत असलेल्या व पलटणीतून परतलेल्या माणसाकडून मोटार चालविण्याच्या परवान्याची फी सरकारने घेऊ नये, एवढेच आपले मागणे. २०१६ च्या अखेरीस केंद्र सरकारने ठरविलेल्या दरांप्रमाणे शिकाऊ परवान्याचे १५०, त्याच्या परीक्षेचे ५०, गाडी चालविण्याच्या परीक्षेचे ३०० आणि पक्क्या परवान्याचे २०० असे एका प्रकारच्या वाहनामागे ७०० रुपये होतात. "पेन्शन घेणाऱ्याला सातशे रुपये जड काय?" असे कोणी विचारील. त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

साधा शिपाई पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून घरी येतो, तेव्हा बहुधा चाळिशीच्या आतच असतो. पोरे शाळेत, आईबाप थकलेले, वाट्याला थोडी वरकस जमीन. पलटणीत ज्याने वर्षानुवर्षे ट्रक हाकला, त्याच्या हातचा परवाना म्हणजे त्याची भाकरी. त्या भाकरीवर सरकारनेच जकात बसवावी काय?

आपल्या जिल्ह्याला सरकारची कृतघ्नता नवी नाही. याच दापोलीत महार पेन्शनरांची वस्ती होती. १८९२ साली इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून इथे राहणारे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज लिहिला, पण सरकार हलले नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, आणि १९२१ साली मोडून टाकली. १९४१ साली पुन्हा युद्धाची निकड, म्हणून पुन्हा महार रेजिमेंट! गरज सरो, वैद्य मरो, हीच परक्यांची नीती. स्वराज्याची नीती तरी निराळी दिसू द्या.

ती दिसू शकते. २०२० साली महाराष्ट्र सरकारने माजी सैनिकांना व सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत माफी देण्याचे ठरविले. घराला जो न्याय, तो पोटाच्या धंद्याला का नको? आणि नवऱ्यामागे रिक्षा चालवून संसार ओढू पाहणाऱ्या सैनिकपत्नीलाही तो मिळाला पाहिजे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. फी सुटली आणि दलाल राहिला, तर आपल्या पदरी काय पडले? अर्ज भरता येत नाही म्हणून आपला माणूस फीच्या दुप्पट-तिप्पट पैसे दलालाच्या हातावर ठेवतो. अज्ञानावर जगणारे भट आपण ओळखले, तसे हे दलालही ओळखा. गावोगावच्या शिकलेल्या पोरांनी सैनिकांचे अर्ज फुकट भरून द्यावे. माझ्या शाळेचा व्हरांडा दर रविवारी त्यासाठी उघडा राहील.

शेवटी, 'माफी' हा शब्दच मला खटकतो. माफी गुन्हेगाराला द्यायची असते. इथे देणेकरी सरकार आहे आणि सावकार तुम्ही आहात. म्हणून ठरावात 'फी माफ करावी' असे न लिहिता 'फी घेऊ नये' असे लिहा, खाली स्वतःच्या हाताने सही करा, आणि कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ताठ मानेने नेऊन द्या.