लेकरू झोपेत असताना निघून जाऊ नका

कापूस वेचणीचे दिवस आहेत. पहाटे डबा बांधून निघायची घाई, म्हणून आपण लेकरू झोपेत असतानाच हळूच बाहेर पडतो. जागं झालं तर रडेल ना! पण ते उठतं आणि घरभर आईला शोधतं. असं चारदा झालं की रात्रीही पदर घट्ट धरून झोपतं. मग आपणच म्हणतो, फार चिकट झालंय. त्यापेक्षा त्याला उठवून सांगू, 'वेचणीला जाते, गुरं घरी येतात त्या वेळेला येईन.' थोडं रडेल, रडू द्या. सांगितल्या वेळी आपण परत आलो की त्याला भरवसा येतो. उशीर होणार असेल तर आजीजवळ निरोप ठेवायचा.

'ऐकलं नाहीस तर सोडून जाईन' हेही आपल्या तोंडी फार सहज येतं. साक्री, चाळीसगावकडून कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. ज्याचे आईबाप खरोखरच सहा सहा महिने लांब असतात, त्या पोराला ही धमकी खोटी कशी वाटेल?

मग वळण लावायचं कसं? आपल्या अमळनेरलाच बघा. साने गुरुजी १९२४ ते १९३० तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत. मुलं खोल्या अस्ताव्यस्त टाकून जायची. गुरुजी ओरडत नसत. मुलं नसताना स्वतःच केर काढत, अंथरुणाच्या घड्या घालत, कंदिलाच्या काचा पुसत. मुलं ओशाळली आणि आपली कामं आपण करू लागली. याच गुरुजींनी पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तुम्ही म्हणाल, घरात चार पोरं नि दहा कामं, एवढा धीर कुठून आणायचा? खरंय. रोज नाही जमणार. पण पोरं आपलं बोलणं कमी ऐकतात, वागणं जास्त बघतात, एवढं तर आपल्याला रोज दिसतं.

आता जरा अवघड गोष्ट. हप्तेवाले दारात आले की आपण पोरालाच पुढे करतो, 'सांग, आई घरी नाही.' आणि तेच पोरगं उद्या शाळेतलं काही लपवतं, तेव्हा आपण त्याला लबाड म्हणतो. हप्ता चुकला तर लाज वाटते, बोलणी खावी लागतात, हे गटातल्या प्रत्येकीला माहीत आहे. तरी उंबऱ्यात आपणच येऊ आणि सांगू, 'साहेब, आज जमलं नाही, सोमवारी मजुरी मिळाली की देते.' पोरगं मागे उभं राहून ऐकत असेल, तर ऐकू द्या.