रेडिओ मोडीत काढू नका

(पुणे शहरात कार्यकर्ते आणि वसतिगृहातले विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हाला दिलेला विषय साधा आहे. प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आहे, मग संकटाच्या वेळी रेडिओ कशाला पाहिजे? पुण्यात बसून हा प्रश्न बरोबर वाटतो. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरातल्या वाड्यांमध्ये तो तसा वाटत नाही. आम्ही तिकडचे, म्हणून तिकडची बाजू मांडतो.

30 जुलै 2014. माळीण. सकाळी डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक आपली महादेव कोळी समाजाची. ही खबर बाहेर कशी आली? एसटीचा चालक गाडी घेऊन आला, त्याला गाव जागेवर दिसेना. त्यानं कळवलं तेव्हा तालुक्याला कळलं. मोबाईल तेव्हाही होते, पण खबर आणली एसटीनं. पुढं 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी गेली. ठाकर समाजाची वाडी. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत. वाडीला रस्ता नव्हता, मदतीची माणसं अंधारात, पावसात पायी चढली.

आता मोबाईलचं बघू. मोबाईल एकटा चालत नाही. त्याला टॉवर लागतो, टॉवरला लाईट लागते. लाईट गेली की टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग डिझेल लागतं. घाटात रस्ता तुटला की डिझेल येत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आपण हे भोगलं. पत्रे उडाले, हिरड्याची झाडं मोडून पडली, लाईट गेली, रेंज गेली. ज्या दिवशी फोनची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी फोन मेला.

आणि रेंज असली म्हणून इशारा पोहोचतोच असं नाही. 25 जुलै 2024 ला याच शहरात खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत घुसलं. तिथं घराघरात फोन आहेत. तरी लोकांची तक्रार हीच की आम्हाला वेळेवर सांगितलं नाही. म्हणजे यंत्र असून भागत नाही, सांगणारा जबाबदार पाहिजे.

रेडिओचं काम वेगळं आहे. प्रक्षेपण केंद्र लांब असतं, आपल्या डोंगरावरचा टॉवर पडला तरी ते चालू राहतं. मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीच्या अंगानं लांबवर जातात. एफएमच्या लहरी डोंगर आडवा आला की अडतात. साधा ट्रान्झिस्टर दोन-तीन सेलवर कित्येक दिवस चालतो. एक जण ऐकतो आणि सगळ्या आळीला कळतं. म्हातारीला वाचता येत नसलं तरी ऐकू येतं. सरकारलाही हे माहीत आहे. 2023 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयानं मोबाईल कंपन्यांना सूचना काढली की फोनमधला एफएम रेडिओ बंद करू नका, आपत्तीत तो लागतो. आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या संभाजीनगरहून द्यायचा आदेश निघाला! लोक बोलले, पत्रकार बोलले, तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. आपल्या घाटातला पाऊस संभाजीनगरला कोण मोजणार?

पण साथींनो, ऐकायचा रेडिओ म्हणजे निम्मंच काम. आकाशवाणी सांगेल, पुणे जिल्ह्याच्या घाटभागात अतिवृष्टीचा इशारा. कुठल्या वाडीच्या वर भेग पडली, हे तिला कसं कळणार? ते वाडीलाच माहीत असतं. म्हणून बोलायचा रेडिओ पण पाहिजे. पोलिसांकडं बिनतारी यंत्रणा आहे. ती ठाण्यापर्यंत आहे, आपल्या वाडीपर्यंत नाही. हॅम रेडिओची परीक्षा 12 वर्षांच्या पुढं कोणालाही देता येते, पास झालं की परवाना मिळतो. 30 जुलै 2024 ला, माळीणच्याच तारखेला, केरळात वायनाडला दरड आली. तिथं हॅम रेडिओवाल्यांनी कलेक्टर कचेरीत केंद्र उभारून निरोप पोहोचवले. आपली बारावी झालेली मुलं-मुली हे शिकू शकत नाहीत का?

आता मुख्य गोष्ट. समजा रात्री दोन वाजता रेडिओ बोलला, "वाडी सोडा." सोडून जायचं कुठं? खाली धरण, वर अभयारण्य, मधल्या उतारावर आपण. शेड बांधायला गेलं की सांगतात, जागा वनखात्याची आहे. इशारा कानावर आला आणि पायाखाली जागा नाही, तर त्या इशाऱ्याचा उपयोग काय? म्हणून रेडिओची मागणी आणि जमिनीची मागणी आपल्यासाठी एकच आहे. कायदा आपल्या बाजूनं आहे. वनहक्क कायदा 2006, कलम 3(2): शाळा, दवाखाना, अंगणवाडी, समाजकेंद्र, रस्ता, वीज आणि दूरसंचाराच्या तारा, यांसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते. ही शिफारस करायची ताकद ग्रामसभेची आहे. आपण ती वापरली पाहिजे.

तर पावसाळ्याच्या आत प्रत्येक ग्रामसभेत हे ठराव घ्यायचे:

1. वाडीत दोन ट्रान्झिस्टर आणि जादा सेल. एक शाळेत, एक वस्तीत. कोण ऐकणार, कोण दवंडी देणार, त्यांची नावं ठरवून ठेवायची.

2. वाडीत पर्जन्यमापक. रोजचा आकडा आपणच वहीत लिहायचा.

3. पोलीस ठाणे ते वाडी बिनतारी संच. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर असतात, मागणी त्यांच्याकडं लेखी करायची आणि पोच घ्यायची.

4. सुरक्षित जागेवर समाजकेंद्र, त्यासाठी कलम 3(2) ची शिफारस.

5. धोक्यातल्या वाड्यांचं पुनर्वसन दरड यायच्या आधी, आणि शेताच्या जवळ.

इथं शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एक काम. सुट्टीत गावाला जाताना जुना रेडिओ नीट करून घेऊन जा. आणि ठरावाचा मसुदा आमच्याकडून घेऊन जा. दोन्ही लागणार आहेत.

जिंदाबाद!